व्यावसायिक बास्केटबॉल आणि दूरचित्रवाणीचा ओसरता प्रेक्षक

१४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटी येथील डेल्टा सेंटरमध्ये, सामना संपावयास अवघे ५.२ सेकंद उरले असताना, मायकेल जॉर्डन याने केलेल्या एका फेकीने शिकागो बुल्स या संघाला ८७ विरुद्ध ८६ असा निसटता विजय आणि सहावे अजिंक्यपद मिळवून दिले. तो सामना अमेरिकेत सरासरी ३ कोटी ५९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि त्या वर्षीच्या संपूर्ण अंतिम मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्याच २ कोटी ९० लाखांच्या घरात होती. २०२५ च्या जून महिन्यात ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स या संघांमधील अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, निकाल शेवटच्या रात्रीपर्यंत अनिश्चित राहिला, तरीही तिची सरासरी सुमारे १ कोटी ३ लाखांवर थांबली. या सत्तावीस वर्षांत अमेरिकेची लोकसंख्या सहा कोटींहून अधिक वाढली, खेळाडूंचे कौशल्य अनेक अंगांनी वाढले आणि खेळाची कीर्ती पृथ्वीच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. मग ज्या देशात हा खेळ जन्मला त्याच देशात तो घरी बसून पाहणारा माणूस कोठे गेला, हा प्रश्न खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने गांभीर्याने विचारण्यासारखा आहे.

या प्रश्नाला आजवर जी उत्तरे देण्यात आली आहेत त्यांची संख्या थोडी नाही. दुरून होणाऱ्या फेकींचा अतिरेक, नामांकित खेळाडूंची वारंवार विश्रांती, लांबलेला हंगाम, केबलचा ऱ्हास, भ्रमणध्वनीवरील तुटक चित्रफिती, परदेशी खेळाडूंचे वर्चस्व आणि खेळाडूंनी घेतलेल्या राजकीय भूमिका, अशी ही कारणांची यादी असून, तिच्यातील प्रत्येक कारणाला कोणी ना कोणी कैवारी मिळालेला आहे. प्रस्तुत लेखात या कारणांची एकेक करून छाननी करावयाची आहे आणि त्यांपैकी कोणती मूळची व कोणती आनुषंगिक याचा निवाडा करावयाचा आहे.

आकड्यांची शहानिशा

प्रथम आकड्यांविषयी. घसरण ही १९९८ पासून एकसारखी चालत आलेली उतरती रेषा नाही, ही गोष्ट अनेकदा नजरेआड केली जाते. जॉर्डनच्या निवृत्तीनंतर संख्या खाली आली हे खरे. परंतु २०१७ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स यांच्या अंतिम मालिकेला पुन्हा २ कोटी ४ लाखांची सरासरी लाभली, आणि त्याच्या आदल्या वर्षी याच दोन संघांमधील सातवा सामना ३ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. २०२५ चा सातवा सामना पाहणारे १ कोटी ६४ लाख होते. म्हणजे एका दशकाच्या आतच, अगदी तशाच निर्णायक सामन्याचा प्रेक्षक जवळजवळ निम्मा झाला. शोध घ्यावयाचा तो मुख्यतः या दशकाचा.

२०२० चे वर्ष या हिशेबात वेगळे काढणे न्यायाचे ठरेल. महामारीमुळे त्या वर्षीचे उरलेले सामने ऑरलँडो येथे एका बंदिस्त संकुलात, प्रेक्षकांविना खेळवले गेले आणि अंतिम मालिका जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या ऐन हंगामात पार पडली. तिची सरासरी ७५ लाखांच्या आसपास राहिली. त्यानंतर संख्या सावरली, २०२२ मध्ये १ कोटी २४ लाखांपर्यंत गेली आणि मग पुन्हा वर्षागणिक थोडी थोडी ओसरत २०२४ मध्ये १ कोटी १३ लाख व २०२५ मध्ये १ कोटी ३ लाख अशी खाली आली. नियमित हंगामातील साध्या सामन्यांची स्थिती याहून क्षीण आहे. २०२४-२५ च्या हंगामात राष्ट्रीय वाहिन्यांवरील सामन्यांची सरासरी सुमारे १५ लाख ३० हजार होती.

शिवाय मोजमापाची रीतही मधल्या काळात बदलली. उपाहारगृहे, मद्यगृहे, विमानतळ अशा घराबाहेरील ठिकाणी बसून पाहणारे लोक नील्सन ही संस्था २०२० पासून राष्ट्रीय गणतीत धरू लागली. जॉर्डनच्या काळात ही माणसे हिशेबातच नव्हती. त्यामुळे आजचा आकडा जुन्या आकड्याच्या तुलनेत काहीसा फुगलेला आहे, आणि प्रत्यक्षातील घट कागदावर दिसते त्याहून थोडी मोठीच आहे.

खेळाचे आणि पडद्याचे नाते

या खेळाला दूरचित्रवाणीने मोठे केले, आणि प्रेक्षकासाठी आपले नियम बदलण्याचे धैर्य या खेळाने एके काळी दाखवले होते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स या संघाने मिनियापोलिस लेकर्सचा १९ विरुद्ध १८ असा पराभव केला. चेंडू हातात धरून वेळ काढत राहणे हाच त्या रात्रीचा डाव होता, आणि अशा सामन्यांनी प्रेक्षागारे रिकामी पडू लागली. तेव्हा सिराक्यूज नॅशनल्स या संघाचे मालक डॅनी बायासोन यांनी एक साधा हिशेब मांडला: ज्या सामन्यांत लोक रंगून जातात त्यांत दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी होतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा, २८८० ला १२० ने भागले असता २४ येतात, तेव्हा चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेक झालीच पाहिजे. १९५४ साली हा नियम अमलात आला आणि खेळाची नाडी बदलली. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात एनबीए, या संस्थेच्या इतिहासातील हा निर्णय सर्वांत दूरदर्शी म्हटला पाहिजे, कारण सामना पाहणाऱ्याला काय वाटते याचा विचार त्यात सर्वप्रथम केला गेला होता.

तरीही पुढील पंचवीस वर्षे हा खेळ दूरचित्रवाणीच्या दारात याचकासारखाच उभा होता. १६ मे १९८० रोजी फिलाडेल्फियात, वीस वर्षांचा नवखा मॅजिक जॉन्सन जायबंदी झालेल्या करीम अब्दुल-जब्बारच्या जागी मध्यस्थानी उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड अशी कामगिरी करून त्याने लेकर्सला अजिंक्यपद मिळवून दिले. तो सामना अमेरिकेच्या बहुतेक भागांत सीबीएस वाहिनीने त्या वेळी दाखवलाच नाही, तर रात्री उशिरा चित्रमुद्रित स्वरूपात दाखवला. येथून जॉन्सन आणि लॅरी बर्ड यांच्या स्पर्धेने, १९८४ मध्ये आयुक्तपदी आलेल्या डेव्हिड स्टर्न यांच्या चातुर्याने, आणि जॉर्डनच्या तेजाने खेळ वर आला. १९९० ते २००२ या काळात एनबीसी या सर्वांना मोफत दिसणाऱ्या वाहिनीवर शनिवार-रविवारच्या दुपारी हे सामने लागत. लहान मुलगा, त्याचा बाप आणि शेजारी एकाच खोलीत बसून ते पाहत. आणि कोणता खेळाडू कसा चालतो, कसा रागावतो, कोणाशी त्याचे वैर आहे, हे सारे पाहणाऱ्याला घरातल्या माणसासारखे ठाऊक होत असे.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म या परिचयात आहे. अंतिम मालिकेचा प्रेक्षक जून महिन्यात अकस्मात निर्माण होत नाही. तो नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतच्या साध्या रात्रींतून हळूहळू घडत असतो. अंतिम सामने आजही एबीसी या मोफत वाहिनीवरच दाखवले जातात, आणि तरी त्यांचा प्रेक्षक घटला, याचे कारण ते पाहावयास लागणारी पूर्वओळख ज्या महिन्यांत व्हावयाची त्या महिन्यांना संस्थेने एकीकडे पैशाचे कुंपण घातले आणि दुसरीकडे त्यांतील सामन्यांचे मोल उतरू दिले. बाकीची कारणे या दोहोंच्या पोटात येतात, किंवा यांच्यामुळे बळावतात.

केबलचा मक्ता आणि त्याचा ऱ्हास

२००२ साली संस्थेने एनबीसीची साथ सोडली आणि सहा वर्षांसाठी सुमारे ४६० कोटी डॉलरचा करार करून बहुसंख्य राष्ट्रीय सामने ईएसपीएन आणि टीएनटी या केबलच्या वाहिन्यांकडे सोपवले. त्या वेळी हा व्यवहार चुकीचा दिसत नव्हता, कारण अमेरिकेत केबल घरोघरी होती. २०११ च्या सुमारास एकट्या ईएसपीएनची जोडणी १० कोटी घरांत होती. पुढे लोकांनी महागडी वर्गणी बंद करण्याचा सपाटा लावला, आणि आज ती जोडणी ७ कोटी घरांच्याही खाली गेली आहे. मे २०२५ मध्ये तर इंटरनेटवरून होणाऱ्या प्रक्षेपणाचा वाटा केबल आणि मोफत वाहिन्या या दोहोंच्या एकत्रित वाट्याहून प्रथमच अधिक भरला. ज्या घरात केबल नाही त्या घरात हिवाळ्यातील सामना नाही, आणि अशा घरांत आता एक संबंध पिढी वाढते आहे.

राष्ट्रीय सामन्यांपेक्षाही स्थानिक सामन्यांची कथा अधिक बोलकी आहे, कारण आपल्या गावचा संघ हाच प्रेक्षकाचा पहिला गुरू असतो. स्थानिक सामन्यांचे हक्क प्रादेशिक केबल वाहिन्यांकडे असतात. यांपैकी सुमारे निम्म्या संघांचे हक्क बाळगणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुप या कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डेन्व्हरचे उदाहरण तर विदारक आहे. तेथील नगेट्स संघाचे सामने दाखवणारी अल्टिट्यूड ही वाहिनी आणि त्या शहरातील सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट यांच्यात २०१९ साली दराबाबत तंटा पडला आणि तो २०२५ च्या आरंभापर्यंत मिटला नाही. याच अवधीत निकोला योकिच हा सर्बियाचा अलौकिक खेळाडू २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलेवहिले अजिंक्यपद मिळवून दिले. आपल्याच गावातील, आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचे बहरातील बहुतेक सामने डेन्व्हरच्या हजारो कुटुंबांना घरी पाहता आले नाहीत. वर्गणी भरून सर्व सामने पाहण्याची लीग पास नावाची जी सोय संस्थेने केली आहे तीही येथे उपयोगी नव्हती, कारण स्थानिक हक्कांच्या रक्षणासाठी त्या सेवेवर स्थानिक संघाचेच सामने बंद ठेवले जातात. दहा वर्षांच्या ज्या मुलाला योकिचची ओळख व्हावयास हवी होती तो मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत ती झाली नाही, तर पुढे तो आयुष्यभराचा प्रेक्षक कसा व्हावा?

साध्या रात्रीचे अवमूल्यन

दुसरे मूळ कारण हंगामाच्या रचनेत आहे. तीस संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात, म्हणजे नियमित हंगामात १,२३० सामने होतात. याउलट राष्ट्रीय फुटबॉल लीगचा प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि तेथील एकूण सामने २७२ भरतात. फुटबॉलचा प्रत्येक सामना आठवडाभराच्या प्रतीक्षेनंतर येतो आणि त्यातील हार महाग पडते. बास्केटबॉलमधील मंगळवारची हार गुरुवारी विस्मरणात जाते. त्यात तीसपैकी १६ संघ बाद फेरीत जातात, आणि २०२१ पासून चालत आलेल्या पात्रता सामन्यांमुळे २० संघांच्या आशा हंगामअखेरपर्यंत जिवंत राहतात. आशा जिवंत राहणे चांगलेच. परंतु जेथे तीसपैकी वीस जणांना दार उघडे आहे तेथे जानेवारीतील एका रात्रीच्या निकालाला काय वजन उरणार?

खेळाडूंच्या विश्रांतीचा प्रश्न येथूनच उद्भवतो. १९९७-९८ च्या हंगामात, पस्तिशीत पदार्पण करत असताना, जॉर्डन सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला होता. २०१८-१९ मध्ये कवाय लेनर्ड याला टोरोंटोच्या संघाने ६० सामन्यांतच उतरवले, उरलेल्या काळात त्याचे शरीर राखले, आणि तो ताजातवाना राहिल्याने संघाला अजिंक्यपदही मिळाले. संघाच्या दृष्टीने हा निर्णय सर्वथा शहाणपणाचा होता आणि त्यासाठी खेळाडूला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण आजचा खेळ पूर्वीपेक्षा वेगवान असून मैदानाच्या अधिक रुंदीत खेळला जातो आणि त्याने सांध्यांवर पडणारा ताण मोठा आहे. परंतु ज्या रात्रीसाठी एखाद्या कुटुंबाने महिनाभर आधी तिकीट काढले किंवा कामाचा शीण बाजूला ठेवून दूरचित्रवाणी लावली, त्या रात्री नायक साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसावा, याचा अर्थ प्रेक्षकाला न सांगताही कळतो: ही रात्र महत्त्वाची नाही, असे खुद्द संघच म्हणत आहे. संस्थेने २०२३ मध्ये विश्रांतीवर निर्बंध घातले आणि वार्षिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट ठेवली. त्याच वर्षी हंगामाच्या मध्यात चषकस्पर्धाही सुरू केली. हे उपाय लक्षणांवरचे आहेत. सामन्यांची संख्या कायम ठेवून प्रत्येक सामन्याला महत्त्व आणण्याची तजवीज करणे ही मुळातच विसंगत गोष्ट आहे.

तीन गुणांच्या फेकीवरील आरोप

जाणत्या रसिकांच्या तोंडी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार दुरून होणाऱ्या फेकींची आहे, आणि तिचा साकल्याने विचार केला पाहिजे. तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये १९७९-८० च्या हंगामात आली तेव्हा एक संघ सामन्याला सरासरी २.८ वेळा तेथून फेक करी. २०११-१२ मध्ये हे प्रमाण १८.४ झाले आणि २०२४-२५ मध्ये ३७.६ वर गेले. त्या वर्षी बॉस्टन सेल्टिक्सने तर सामन्याला ४८ हून अधिक अशा फेकी केल्या, म्हणजे दोन गुणांच्या फेकींपेक्षाही तीन गुणांच्या फेकी अधिक केल्या. यामागील गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. दोन गुणांच्या शंभर फेकींपैकी पन्नास साधल्या तर शंभर गुण होतात. तीन गुणांच्या शंभर फेकींपैकी छत्तीस साधल्या तरी एकशे आठ होतात. हे गणित एकदा सर्वांच्या ध्यानात आले तेव्हा सर्व संघ एकाच तऱ्हेने खेळू लागले, मध्यम अंतरावरून उडी मारून केलेली नेमकी फेक आणि बास्केटजवळ पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन केलेली झुंज या दोन्ही कला आक्रसल्या, आणि खेळातील शैलींचे वैविध्य कमी झाले. शैलींचा झगडा हा नाट्याचा प्राण असल्यामुळे ही हानी खरी आहे आणि तिचे दुःख मलाही आहे.

परंतु प्रेक्षक घटण्याचे हेच प्रमुख कारण मानावयास पुरावा संमती देत नाही. या दुरून होणाऱ्या फेकींचा प्रेषित म्हणावा असा स्टीफन करी २०१५-१६ मध्ये ४०२ फेकी साधून गेला, आणि त्याच्या संघाच्या २०१५ ते २०१७ या तीन अंतिम मालिकांनी जॉर्डननंतरचा सर्वांत मोठा प्रेक्षक मिळवला. ज्याचा परिचय झाला आहे अशा नायकाने दुरून फेक केली तर लोक श्वास रोखून पाहतात. अनोळखी माणसाने तीच फेक पस्तिसाव्यांदा केली म्हणजे कंटाळतात.

नायक, नगरे आणि राजकारण

परदेशी खेळाडूंविषयीच्या तक्रारीची संगतीही अशीच लावता येते. २०१८ मध्ये जेम्स हार्डनला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाल्यानंतर २०२५ पर्यंत तो मान अमेरिकेत जन्मलेल्या कोणाही खेळाडूकडे गेला नाही. ग्रीसचा यानिस, सर्बियाचा योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला एम्बीड आणि कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर हेच त्याचे मानकरी ठरले. यांपैकी बहुतेकांचे संघ मिलवॉकी, डेन्व्हर, ओक्लाहोमा सिटी अशा मध्यम वस्तीच्या नगरांतील आहेत, आणि न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस यांच्याइतका घरचा प्रेक्षक त्यांना नाही. त्याचा आकड्यांवर काही परिणाम होतो हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रेक्षक परकेपणाने दुरावला असे म्हणण्यापूर्वी त्याला त्या परक्याची ओळख करून घेण्याची संधी किती मिळाली ते पाहावे लागेल, आणि डेन्व्हरची हकीकत वर आलीच आहे.

राजकारणाचा आरोप २०२० च्या उन्हाळ्यातला आहे. वर्णविद्वेषाच्या निषेधार्थ खेळाडूंनी भूमिका घेतली, मिलवॉकीच्या संघाने एक सामना खेळण्यास नकार दिला, आणि काही प्रेक्षक त्यामुळे दुरावले असतील. परंतु त्याच वर्षी बेसबॉलच्या अंतिम मालिकेलाही तोवरची सर्वांत कमी प्रेक्षकसंख्या लाभली, आणि निषेधाची चिन्हे मैदानावरून गेल्यानंतरही बास्केटबॉलचा प्रेक्षक जुन्या पातळीवर परतला नाही. तेव्हा हे कारण फार तर तात्कालिक समजावे.

भ्रमणध्वनीवरील तुटक चित्रफितींचे कारण मात्र अधिक खोल आहे. बास्केटबॉलचा प्रत्येक पराक्रम दहा सेकंदांत मावतो, त्यामुळे तो हातातील पडद्यावर सहज पोहोचतो. संस्थेने या फितींना उदारपणे मोकळीक दिली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वाढत्या खर्चाविषयी विचारले असता आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी हा खेळ फितींतून उपभोगता येण्यासारखा आहे आणि त्या विनामूल्य मिळतात, अशा आशयाचे समर्थन केले. या समर्थनात मोठा धोका आहे. फीत पराक्रम दाखवते, परंतु त्यापूर्वीची तीस मिनिटांची घुसमट, चुकलेला डाव, वाढत गेलेला ताण यांपैकी काहीच दाखवत नाही. आणि संपूर्ण सामना पाहण्याची सवय ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे. त्यातच शेवटच्या दोन मिनिटांत फाउल, फ्री थ्रो, टाइम-आउट आणि पंचांची फेरतपासणी यांनी खेळ इतका खंडित होतो की ती दोन मिनिटे पंधरा मिनिटांची वाटावीत, आणि पूर्वेकडील शहरांत अंतिम सामना संपेपर्यंत मध्यरात्र जवळ येते.

विरुद्ध बाजूचा पुरावा

लोकांचे बास्केटबॉलवरील प्रेमच आटले आहे असे म्हणणाऱ्यांपुढे २०२४ या एका वर्षातील तीन घटना ठेवाव्याशा वाटतात. एप्रिलमध्ये महाविद्यालयीन स्त्रियांचा अंतिम सामना, ज्यात आयोवाची केटलिन क्लार्क खेळत होती, १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी. स्त्रियांचा सामना मोफत एबीसीवर होता आणि पुरुषांचा केबलवर. १० ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यातील सुवर्णपदकाचा सामना अमेरिकेतील १ कोटी ९५ लाख प्रेक्षकांनी पाहिला. मैदानावर करी, लेब्रॉन जेम्स, केविन ड्युरँट हे एनबीएचेच खेळाडू होते, करीने शेवटच्या तीन मिनिटांत एकामागून एक चार फेकी तीन गुणांच्या रेषेबाहेरूनच साधल्या, आणि कोणीही कंटाळल्याची तक्रार केली नाही. तिसरी घटना नाताळची. त्या दिवशीचे पाचही एनबीए सामने एबीसीवर मोफत दाखवण्यात आले आणि त्यांची सरासरी आदल्या वर्षीपेक्षा ८४ टक्क्यांनी वाढून सुमारे ५२ लाखांवर गेली. फुटबॉलचे त्याच दिवशीचे दोन सामने मात्र २ कोटी ४० लाखांच्या आसपास होते.

या तिन्ही घटनांतून निष्पन्न होणारी गोष्ट एकच आहे. दार उघडे असले, खेळाडू परिचयाचे असले आणि निकालाला अर्थ असला, म्हणजे बास्केटबॉलला प्रेक्षक मिळतो. प्रेक्षागारांतील गर्दीही हेच सांगते. २०२३-२४ च्या हंगामात एकूण उपस्थितीचा विक्रम झाला.

पैशाचा ताळेबंद आणि आपला संबंध

एवढी घट होऊनही संस्था चिंतातुर का दिसत नाही, याचे उत्तर तिच्या ताळेबंदात आहे. २०१६ ते २०२५ या नऊ हंगामांसाठी प्रक्षेपणाचे हक्क २,४०० कोटी डॉलरला गेले होते; जुलै २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि अॅमेझॉन यांच्याशी अकरा वर्षांसाठी झालेला करार सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे. २०२५ मध्ये बॉस्टनचा संघ ६१० कोटी डॉलर मूल्याने विकला गेला आणि लेकर्सचे मूल्य १,००० कोटी डॉलर ठरले. वाहिन्यांचा इतर सर्व प्रेक्षक याहून वेगाने आटत असल्यामुळे, प्रत्यक्ष वेळीच पाहावा लागणारा खेळ हीच त्यांच्याजवळ उरलेली ठेव आहे, आणि म्हणून घटत्या प्रेक्षकालाही चढा भाव येतो. हा भाव प्रेक्षकाच्या प्रेमाचे माप नव्हे. ते पर्यायांच्या दुर्भिक्षाचे माप आहे.

या प्रश्नाशी आपला संबंध केवळ कुतूहलाचा नाही. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये याच संघाचे इंडियाना पेसर्सशी दोन सामने झाले, त्यांतील पहिला जादा वेळेत १३२ विरुद्ध १३१ असा संपला. त्याहून महत्त्वाची बाब कायद्याची आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे भारतात २००७ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. अमेरिकेत असे बंधन नाही, तेथील १९६१ च्या कायद्याने संघांना एकत्र येऊन हक्क विकण्याची केवळ सवलत दिली. क्रिकेटचे हक्क दर मुदतीला चढ्या रकमांनी विकले जात असताना, खेळ सर्वांच्या नजरेसमोर ठेवणारी ही तरतूद किती मोलाची आहे, हे अमेरिकेच्या अनुभवावरून आपण ओळखले पाहिजे.

उपायाची दिशा

आता उपायाविषयी. नव्या कराराने एक पाऊल योग्य दिशेने पडले आहे: मोफत वाहिन्यांवरील नियमित हंगामाचे सामने पूर्वीच्या किमान १५ वरून सुमारे ७५ वर नेण्यात आले, एनबीसी परत आली, आणि २०२५-२६ च्या आरंभी प्रेक्षक वाढल्याच्या नोंदी झाल्या. त्याच सुमारास नील्सनने मोजणीची पद्धत पुन्हा बदलली असल्याने या वाढीवर विसंबून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. शिवाय सर्व राष्ट्रीय सामने पाहू इच्छिणाऱ्याला आता तीन निरनिराळ्या मालकांच्या सेवांची दारे ठोठावावी लागतात. फीनिक्स आणि यूटा येथील संघांनी २०२३ पासून आपले स्थानिक सामने मोफत दाखवण्याचा जो मार्ग धरला, तो तीसही संघांनी धरला पाहिजे आणि त्यात येणारी तूट संस्थेने आपल्या भरलेल्या तिजोरीतून सोसली पाहिजे.

सामन्यांची संख्या घटवण्याचे काम याहून कठीण आहे. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी हंगाम ७२ सामन्यांवर आणावा अशी जाहीर मागणी केली आहे, आणि महामारीच्या २०२०-२१ सालात तेवढेच सामने झाले होते. माझ्या दृष्टीने ही संख्या साठपर्यंत खाली आली तरी हरकत नाही, कारण विश्रांतीचा प्रश्न, वेळापत्रकाचा ताण आणि निकालाची निरर्थकता ही तिन्ही दुखणी त्या एका निर्णयाने हलकी होतात. मालकांना तिकिटांचे उत्पन्न सोडावे लागेल आणि खेळाडूंना वेतनातील वाटा. म्हणूनच हा निर्णय आजवर टळत आला. परंतु २४ सेकंदांचा नियम ज्या संस्थेने केला तिला प्रेक्षकासाठी स्वतःत फेरफार करणे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

अकरा वर्षांच्या कराराने संस्थेला धनाची शाश्वती दिली आहे आणि त्याबरोबर एक मुदतही दिली आहे. २०३६ साली पुढील करारासाठी संस्था बाजारात उभी राहील तेव्हा तिच्यासमोरचा तरुण ग्राहक आज सात-आठ वर्षांचा आहे. त्याने या अकरा हिवाळ्यांत घरच्या पडद्यावर पूर्ण सामने पाहिले, एखादा खेळाडू आपला मानला आणि एखाद्या पराभवाने तो रात्रभर हळहळला, तर त्या करारालाही आधार राहील आणि खेळालाही. ही हळहळ विकत घेता येत नाही. तिच्यासाठी साधी रात्र अर्थपूर्ण करावी लागते आणि घराचे दार उघडे ठेवावे लागते, आणि एवढ्या श्रीमंतीच्या काळात ते करणे संस्थेला मुळीच अवघड नाही.